समुद्राच्या तळावरचा काटा

बनशंकरीतल्या त्या घराच्या वरच्या मजल्यावरची खोली पाहायला गेलो, तेव्हा मी दोनच प्रश्न विचारले. भाडे किती, आणि नळाला पाण्याचे प्रेशर बरे असते का. पहिल्याचे उत्तर घरमालक अण्णांनी दिले. दुसऱ्याचे त्यांच्या धाकट्या बहिणीने, वत्सलाक्कांनी.

"कशाच्या मानाने?" त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, म्हणजे सर्वसाधारण.

"खालच्या नळाच्या मानाने कमी. पुढच्या गल्लीच्या मानाने जास्त. टाकी अर्धी असली की दोन्हींच्या मानाने कमी. तुम्हाला कशाच्या मानाने पायजे?"

"तिला नुसतं हो म्हणता येत नाही," अण्णा म्हणाले. "पाणी येतं. सामान आणा."

नव्वदच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षे होती. एका इंग्रजी दैनिकाने माझी पुण्याहून बेंगळुरूला बदली केली होती. अण्णांचे घराणे तीनशे वर्षांहून अधिक काळ या मुलखात राहिलेले. घरात मराठी, दारात कन्नड, आणि दोन्हींच्या मधल्या उंबऱ्यावर दोन्ही. अण्णा बँकेतून निवृत्त झाले होते. अक्कांनी लग्न केले नव्हते. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन त्या पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लागल्या आणि तिथल्या तपासणी विभागाच्या प्रमुख झाल्या. कारखाना दाब मोजणारे गेज बनवत असे: पितळी घर, काच, पांढरी तबकडी, काळा काटा. बॉयलरला, कॉम्प्रेसरला, पंपाला लावायचे. त्यातला प्रत्येक गेज अक्कांच्या विभागातून तपासून, शिक्का घेऊन बाहेर पडे.

बुटक्या, सुती साडी, घड्याळ उजव्या मनगटावर. कुठलीही तबकडी दिसली की तिच्या काचेवर नखाने दोनदा टकटक करायची त्यांना सवय होती. काटा कुठे अडकला असेल तर तेवढ्याने सुटतो. कारखान्यात हे कामाचा भाग होते. बाहेर त्या रिक्षाच्या मीटरवर, किराणा दुकानाच्या तराजूवर, रेल्वे स्टेशनच्या वजनकाट्यावरही टकटक करत. रिक्षावाल्यांना तो अविश्वास वाटे. एकाने चिडून विचारले होते, "अक्का, मीटर चोर आहे का मी चोर आहे?" अक्का म्हणाल्या, "अजून दोघंही नाही. म्हणून तर बघते." त्या भागातले रिक्षावाले त्यांना प्रेशर अक्का म्हणत.

त्यांचे रक्तदाबाचे प्रकरण गल्लीत प्रसिद्ध होते. डॉक्टरांनी पट्टा बांधला, फुगवला, सोडला आणि गंभीर चेहऱ्याने एकशे पन्नास सांगितले.

"वातावरणाच्या वर ना?" अक्कांनी विचारले.

"काय?"

"हवेचा दाब धरला नाहीत तुम्ही. तो धरला तर आठशेच्या पुढे जातो."

डॉक्टरांनी पट्टा पुन्हा बांधला. या वेळी एकशे साठ आला. अक्कांनी त्यांना समजावले की कुठल्याही गेजचे शून्य हे खरे शून्य नसते. आजूबाजूला जितका दाब आहे, तिथून मोजणी सुरू होते. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि बाहेर थांबलेल्या अण्णांना बाजूला घेऊन विचारले, यांना विश्रांती मिळते का?

मी हे सारे विक्षिप्तपणाच्या सदरात टाकले होते. तेलविहिरीची बातमी आली तेव्हा त्यात बदल करावा लागला.

मुंबईहून आलेल्या वृत्तसंस्थेच्या मजकुरात घटना चार परिच्छेदांत होती. पश्चिम किनाऱ्यापासून दूर, समुद्राच्या तळावरची एक जुनी, टोपण घालून बंद केलेली विहीर गळू लागली होती. पाण्यावर तेलाचा तवंग आणि गॅसचे बुडबुडे दिसत होते. तेल कंपनीने पाणबुड्या उतरवला. त्याने टोपणावर गेज लावला आणि टेलिफोनवरून वर जहाजाला कळवले, काटा शून्यावर आहे. आत दाब उरला नाही असे समजून वरच्यांनी टोपणाला नळी जोडायला सांगितले. खालची चावी उघडल्यावर जहाजावरचे नळीचे मोकळे तोंड उसळले आणि डेकवरच्या एका कामगाराचा जबडा मोडला. शेवटच्या ओळीत 'सदोष उपकरणा'चा संशय होता.

वृत्तसंपादकांनी मला एक चौकट लिहायला सांगितले. "वरून एवढा समुद्र दाबतोय, तर तेल बाहेर येतंच कसं? हे वाचकाला सांगा. सोपं." मला ते सांगता येत नव्हते. मी घरी येऊन अक्कांना विचारले.

त्यांनी न्हाणीघरातली पाण्याची बादली अंगणात आणली. दोन्ही तोंडे उघडी असलेली काचेची नळी तीत उभी धरली. नळीत आणि बादलीत पाणी एकाच पातळीला आले. मग त्या वरून नळीत रॉकेल ओतू लागल्या. रॉकेलने नळीतले पाणी खाली ढकलले. थोड्या वेळाने नळीत जवळजवळ सगळे रॉकेलच होते, आणि त्याची पातळी बादलीतल्या पाण्याच्या चांगली चार बोटे वर होती.

"बघा. तळाशी आतून आणि बाहेरून दाब सारखा. भांडण नाही. आणि वर?"

वर रॉकेल पाण्याबाहेर डोके काढून उभे होते.

"रॉकेल पाण्याच्या मानाने हलकं. तळाशी बरोबरी करायला त्याला जास्त उंच उभं राहावं लागतं. आता ही नळी इथेच कापली," त्यांनी पाण्याच्या पातळीवर बोट ठेवले, "तर रॉकेल बाहेर सांडेल. समुद्र दाबतो म्हणून तेल आत राहतं असं नाही. समुद्र दाबतो म्हणूनच ते नळीतून वर येऊ शकतं. तेलाच्या जागी गॅस घ्या. गॅसला वजनच नाही म्हणा. मग तर तळाचा सगळा दाब जसाच्या तसा वर."

"पण दाब तळाशी जास्त असतो ना?"

"पाण्याचा."

"आणि गॅसचा?"

"तो इथून तिथपर्यंत सारखाच."

"मग काटा शून्य कसा?"

अक्कांनी नळी बादलीतून काढली. "गेज कुठे लावला होता? पाण्याखाली. त्याच्या घरात पाणी शिरलेलं. आतून गॅस दाबतो, बाहेरून तितकाच समुद्र दाबतो. काटा हलेल कशाला? तो फरक दाखवतो. फरक नव्हता. शून्य." त्यांनी नळी झटकली. "ऐंशी मीटरवर गॅस वातावरणाच्या नऊपट दाबाने बसला असेल, तरी काटा शून्यच दाखवेल. आणि तो गॅस नळीतून वर आला की बाहेर समुद्र नाही. नुसती हवा."

मी चौकट लिहिली. ती लिहिताना समजले आहे असे वाटत होते. छापून आल्यावर वाचली तेव्हा तसे वाटले नाही. अक्कांनी वृत्तसंस्थेचा मूळ मजकूर मागून घेतला आणि उभ्याउभ्याच वाचला. गेज बेंगळुरूत तयार झालेला होता, असा त्यात उल्लेख होता.

"समुद्रात न्यायचे गेज इथे आम्हीच करतो," त्या म्हणाल्या.

त्या पाणबुड्याचे नाव दामोदर. एका रविवारी दुपारी तो घर शोधत आला. कारवारचा, तिशीचा, रुंद छातीचा माणूस, व्हरांड्याच्या अगदी कडेला बसला. डेकवरच्या पर्यवेक्षकाने चौकशीत सांगितले होते की दामोदरने काटा नीट वाचला नाही. त्याचा पाण्यात उतरण्याचा परवाना काढून घेतला होता. चौकशी समिती आता गेज तपासायला बेंगळुरूला येणार होती आणि अक्कांची साक्ष व्हायची होती.

"बाई, एकच वाक्य बोला," तो म्हणाला. "काटा अडकला होता. एवढंच. माझं पोट वाचेल."

"काटा अडकला नव्हता. गेज परत आला तेव्हा मी पहिली गोष्ट तीच बघितली."

"मग मी खोटं वाचलं?"

"छे. तू बरोबर वाचलंस. शून्यच होता."

दामोदरने अण्णांकडे पाहिले. अण्णांनी कॉफीचा पेला त्याच्यासमोर सरकवला.

"मी बरोबर, काटा बरोबर," तो म्हणाला, "मग त्या माणसाचा जबडा कोणी मोडला, बाई?"

अक्कांनी बादली आणली. रॉकेल ओतले. दामोदर सभ्यपणे पाहत राहिला. मग त्यांनी बादली सोडून दाराचे उदाहरण घेतले. एका दाराला दोन्ही बाजूंनी दोन सारखी माणसे रेटतायत. दार हलत नाही. एक माणूस निघून गेला की दार धाडकन उघडते. खाली समुद्र रेटत होता, वर डेकवर समुद्र नव्हता.

"म्हणजे दार हललं नाही," दामोदर म्हणाला, "म्हणून पलीकडे कोणी नाही असं वरच्यांनी धरलं."

"हां! सरी, बरोबर. अगदी तेच."

"समजलं, बाई. आता साक्षीत काय बोलणार ते सांगा."

अक्कांनी बादली उचलून आत नेली. तो गेल्यावर अण्णा म्हणाले, "वत्सू, एक शब्द बोललीस तर तुझं काय जातं? काटे अडकतात. कुणाचे अडकत नाहीत?"

"माझा अडकला नव्हता."

"त्याला बायकामुलं आहेत."

"माहितीय, अण्णा. काटा आणि तो, दोघंही बरोबर आहेत असं सांगेन. मग त्याला कसा धरतील?"

पण त्या आठवड्यात त्यांचे काहीतरी बिनसले होते. स्वयंपाकघरात कुकरसमोर त्या उभ्या राहत आणि शिट्टी झाली तरी हलत नसत. एकदा जिन्यात त्यांनी मला थांबवले. "पत्रकार, एक सांगा. आमच्या तबकडीवर शून्य लिहिलंय. कशाच्या मानाने शून्य, ते लिहिलेलं नाही. पाण्याखाली गेज नेणाऱ्याला एवढं ठाऊक असणारच, असं मी धरून चालले. इतकी वर्षं. ते लिहावं लागतं असं माझ्या मनातच आलं नाही. ही चूक आहे की नाही?"

मी म्हणालो, मला सांगता येणार नाही.

"मलाही," त्या म्हणाल्या.

चौकशी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये झाली. ती पत्रकारांना खुली नव्हती. पुढचा तपशील अक्कांनी सांगितलेला आहे, आणि बाहेरच्या बाकावर बसून खिडकीतून ऐकणाऱ्या दामोदरने त्याला दुजोरा दिला.

अक्कांनी समितीपुढे मोठे काचेचे भांडे मांडले. नळीत रॉकेल ओतले. ते पाण्याच्या वर उभे राहिले.

"मॅडम, तुम्ही जास्त ओतलंत," अध्यक्ष म्हणाले.

अक्कांनी नळी आणखी खोल नेली आणि पुन्हा ओतले. रॉकेल पाण्याच्या आणखी वर गेले.

"आता तर फारच जास्त ओतलंत."

एका सदस्याने विचारले, तेल हलके आहे म्हणून तरंगते, यात नवीन काय? दुसऱ्याने विचारले, विहिरीत रॉकेल होते का? अक्कांनी दार सांगितले. अध्यक्षांनी विचारले, कुठले दार? ते जहाजावर होते का? चहा आला. चहानंतर अध्यक्षांनी साधे प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि त्या साध्या प्रश्नांनी निकाल लागला.

"विहीर गळत होती?"

"हो."

"गॅस आतून बाहेर येत होता?"

"हो."

"म्हणजे आतला दाब बाहेरच्या समुद्रापेक्षा जास्त होता."

"अगदी स्वल्प. बारीक गळती होती."

"पण जास्त होता."

"होता."

"तो तुमच्या काट्याने दाखवला?"

अक्का म्हणाल्या की एवढा बारीक फरक त्या गेजवर दिसत नाही, त्याची पट्टी मोठ्या दाबासाठी आखलेली आहे.

"दाखवला की नाही, मॅडम?"

"नाही."

"म्हणजे काटा चुकला."

अक्कांनी नळी भांड्यातून काढली. घरी आल्यावर त्यांनी ते पुनःपुन्हा तपासले. "त्या बारीक फरकाने कुणाचा जबडा मोडत नाही, अण्णा. त्याने बुडबुडे येतात, बस. नळी उडाली ती वरच्या हवेपेक्षा आठपट जास्त दाबाने. पण ते विचारत होते ते चूक नव्हतं. फरक होता. काट्याने दाखवला नाही. मग मी गेज बरोबर होता असं कशाच्या..." आणि तिथे त्या थांबल्या.

अहवाल आला तेव्हा त्यात 'उपकरणातील दोष' असे लिहिले होते. पर्यवेक्षकावर ठपका नव्हता, दामोदरवरही नव्हता. कारखान्याने मोठ्या गिऱ्हाइकाशी वाद नको म्हणून निकाल निमूट स्वीकारला. अक्कांच्या विभागाचा शिक्का दुसऱ्याकडे गेला आणि त्यांना सुट्या भागांच्या कोठारात टेबल मिळाले. अण्णांनी त्या दिवशी शेवयांची खीर केली. कशाबद्दल, ते त्यांनी सांगितले नाही.

"त्या पोराचं काम झालं ना?" ते म्हणाले. "तुला तेच हवं होतं."

"हो."

"मग?"

"झालं ते चांगलंच झालं, अण्णा." अक्कांनी वाटी हातात घेतली. "पण ते खरं नाहीय. मी आनंद मानू का नको, तेच कळत नाही."

हा गोंधळ महिनाभर टिकला असता आणि विरला असता, असे मला वाटते. पण एका संध्याकाळी दामोदरचा कारवारहून फोन आला. मी खाली अण्णांबरोबर बसलो होतो. एसटीडी बूथवरून तो ओरडून बोलत होता, त्यामुळे दोन्ही बाजू ऐकू येत होत्या. परवाना परत मिळाला होता. सुट्टी संपत आली होती, पुढच्या आठवड्यात त्याच क्षेत्रात दुसऱ्या विहिरीवर उतरायचे होते. त्याला बाईंचे उपकार मानायचे होते.

"अरे, मी काही केलं नाही. मी तर उलटंच सांगितलं."

"तसं कसं, बाई! आणि आता काळजी नाही. कंपनीने नवा गेज आणलाय, परदेशी. तुमच्यासारखा नाही. त्याचा शून्य म्हणजे शून्य."

अक्का उभ्या राहिल्या. "दामोदर, नीट ऐक. नव्या गेजचा काटा शून्य दिसला तर काय करशील?"

"वर कळवणार. जोडा म्हणतील तर नळी जोडणार. चांगला गेज आहे ना आता."

"अय्यो, नाही! तोही पाण्याखाली फरकच दाखवेल. दार आठवतं?"

"आठवतं, बाई."

"मग सांग, शून्य असला तर आत काय असतं?"

फोनमध्ये समुद्रासारखी खरखर झाली. "काही नसतं," दामोदर म्हणाला. मग घाईने, "हो बाई, समजलं, समजलं, पैसे संपतायत," आणि फोन बंद झाला.

अक्कांनी कंपनीला फोन केला. तिथल्या माणसाने अहवालाचा हवाला दिला. दोष उपकरणात होता, उपकरण बदलले आहे. दामोदरच्या घरी फोन नव्हता. पत्र लिहावे असे अण्णांनी सुचवले. अक्का म्हणाल्या, "तोंडावर समजलं म्हणतो आणि समजलेलं नसतं. पत्राला तर काहीच म्हणणार नाही. मला त्याचा चेहरा बघायला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोठारातून रजा टाकली.

मॅजेस्टिकच्या बसस्थानकावर मी त्यांना सोडायला गेलो. ऊन उतरत होते. त्यांच्याकडे कापडी पिशवी होती, तीत साडी आणि अण्णांनी बांधून दिलेले चित्रान्न, लिंबाचा भात. बादली नव्हती. "त्या बादलीने कुणालाच काही समजलं नाही," त्या म्हणाल्या. "आता तिला नेत नाही."

कारवारची बस लागली होती. अक्का खिडकीशी बसल्या. खाली उभ्या असलेल्या मला त्यांनी वाकून विचारले, "तुम्ही मथळे करता. हे एका ओळीत कसं सांगाल?"

मी थोडा विचार करून म्हणालो, खाली शून्य दिसले तरी वर शून्य नसते.

"'का', ते त्यात नाही आलं."

"एका ओळीत 'का' मावत नाही, अक्का."

"मग तो वरच्यांनी सांगितलं की उघडणारच," त्या म्हणाल्या. "'का' ते कळलं तरच नाही म्हणेल."

कंडक्टरने दार लावले. माझी त्यानंतर लगेच दिल्लीला बदली झाली. दामोदर पुन्हा पाण्यात उतरला एवढे कळले. तळाशी त्याने काय वाचले आणि वर काय सांगितले, याची खात्रीची माहिती मला मिळाली नाही. अक्कांना मी पाहिले ते त्या खिडकीत शेवटचे. बस मागे येऊन वळत होती. त्यांनी दोन्ही तळवे छातीसमोर एकमेकांवर टेकवले होते आणि सारी ताकद लावून दाबत होत्या, इतकी की दंड थरथरत होते. तळवे मात्र जागचे हलत नव्हते. ओठ काहीतरी म्हणत होते. मग त्यांनी एक हात एकदम काढून घेतला. दुसरा सुटला आणि पुढच्या सीटवर झोपी गेलेल्या माणसाच्या खांद्यावर जोरात आदळला. तो दचकून मागे वळला. अक्का त्याच्याकडे झुकल्या आणि त्याला समजावून सांगू लागल्या.